मिरजेपलीकडचे पट्टेरी हंस

शिरवळ

मंगळवार, दिनांक ९ जानेवारी १९४५, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. नीरेचा पूल ओलांडून आमची मोटार शिरवळात शिरते न शिरते तोच तिने एक दीर्घ उसासा टाकला आणि ती उभी राहिली. पेट्रोल लढाईवर गेल्यापासून या मोटारी कोळशाच्या वायूवर धावतात. 'धावतात' हा शब्द जाहिरातीतला आहे. प्रत्यक्षात पुढचा घाट चढण्यापूर्वी मागे टांगलेल्या भट्टीत कोळसा भरावा लागतो, ती ढोसावी लागते आणि मग तिची मर्जी सुप्रसन्न होईपर्यंत उतारूंनी रस्त्याकडेला उभे राहावे लागते.

ही मर्जी माझ्या पथ्यावर पडली. आत्याला मोटारीत सामानाजवळ बसवून मी दुर्बीण घेऊन नदीकाठी गेले. चिखलात शेपूट हलवीत दोन प्रकारचे तुतवार चरत होते. पाण्याकाठचे हे लहान करडे पक्षी उभे असताना सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. नवशिक्याने त्यांच्या रंगाची टिपणे करीत बसू नये, त्यांना उडू द्यावे. दोघांचीही कंबर पांढरी असते. परंतु एकाच्या पंखांची खालची बाजू काळपट, दुसऱ्याची फिकट. म्हशी पाण्यात उतरल्या, पक्षी उडाले आणि दोन्हींचा निकाल लागला. परत आले तेव्हा माझे पातळ घोट्यापर्यंत चिखलाने माखले होते.

"अगं सुमे, पुण्याच्या मुठेत काय चिखल नव्हता?" आत्या म्हणाली.

माझी ही आत्या, म्हणजे गंगूआत्या, पंचावन्न वर्षांची, बालविधवा, आणि माझ्या वडिलांच्या मते माझ्या सहलींची अट. पुण्यापासून सांगलीपर्यंत एकटी अविवाहित मुलगी पाखरे पाहत फिरते, हे आमच्या आळीला पटण्याजोगे नव्हते. आत्या सोबत असली म्हणजे तेच पटण्याजोगे होई.

प्रवासाचा हेतू आधीच सांगून टाकते. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन मी आमच्या कॉलेजात एक वर्ष काढले आहे आणि तेथे संशोधन-साहाय्यकाची एक जागा भरायची आहे. जागा एक, उमेदवार दोन. दुसरा उमेदवार बंदूक बाळगतो आणि दर रविवारी प्राध्यापकांच्या टेबलावर पेंढा भरलेला एखादा पक्षी आणून ठेवतो. मी बंदूक बाळगत नाही. "ठीक आहे," प्राध्यापक मला म्हणाले, "नमुना नको. परंतु अशी एखादी नोंद आणा, की जिच्यात मला बोट घालायला फट सापडणार नाही."

ही गोष्ट मी मुलींच्या वसतिगृहात जाऊन सांगितली, तेव्हा माझी मैत्रीण विमल हिने घरून आलेले पत्र काढून दाखवले. तिचे वडील मिरजेपलीकडच्या एका गावचे जैन शेतकरी. आईने लिहिले होते, की गावतळ्यात मोठे हंस आले आहेत, त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर मागून दोन काळे पट्टे आहेत. ते वाचून मी उभी राहिले. अशा डोक्याचा हंस भारतात एकच. तो तिबेटच्या सरोवरांवर अंडी घालतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून उत्तरेच्या मैदानांत उतरतो. इतक्या दक्षिणेकडे, कृष्णेच्या या टापूत, तो स्वतःच्या पंखांनी येतो याचा एकही खात्रीचा पुरावा आमच्या प्राध्यापकांपाशी नव्हता. आमच्या पुस्तकांत त्याला इंग्रजी व लॅटिन नावे आहेत, मराठी नाही. संस्कृत कोशातला कादंब हा हंसवाचक शब्द घेऊन मी त्याला पट्टकादंब म्हणते.

उंब्रज

साताऱ्यात आत्याच्या नणंदेकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आम्ही उंब्रजला उतरलो, कारण तेथे तारळी नदी कृष्णेला मिळते आणि संगमाच्या वाळवंटावर चक्रवाक बसतात असे मला कळले होते. बसले होते. नारिंगी अंगाची ती जोडी मी संध्याकाळी पाहिली आणि पुन्हा पहाटे उजाडताच पाहिली. रात्री नर एका तीरावर आणि मादी दुसऱ्या तीरावर विरहाने आक्रोश करतात, अशी कवींची दीड हजार वर्षांची साक्ष आहे. माझ्या दोन्ही वेळच्या निरीक्षणांत ती एकाच खडकावर, एकमेकांना पाठ लावून, निर्धास्त बसलेली होती.

"नवराबायको भांडली असतील एखाद्या रात्री, तेवढं कवीनं पाहिलं," आत्याचे मत पडले.

नदीलगतच्या गुऱ्हाळावर आम्हांला बोलावणे आले. काहिलीतला रस रटरटत होता, धुराला गोड वास होता, आणि आत्याने गरम काकवी पळसाच्या पानावर घेऊन स्वतःच्या सगळ्या नियमांना पाच मिनिटांची रजा दिली. ज्यांचे गुऱ्हाळ, त्यांचा मुलगा शंकरराव पलटणीतून रजेवर आला होता. विमानविरोधी तोफांवर त्याची नेमणूक होती. माझी दुर्बीण पाहून त्याने ती मागितली नाही, आधी तिची काच तपासली.

"काय बगताय ताई?"

"बदकं. उडताना ओळखायला शिकते आहे."

"आमाला बी त्येच शिकिवत्यात! निस्ती काळी चित्रं दावत्यात. शेपूट बगायचं, पंखाचं टोक बगायचं. रंगावर इस्वास ठिवला की मेलास म्हनून समज."

मी त्याला सांगितले की आमचे शास्त्रही अगदी हेच म्हणते. इतक्यात डोक्यावरून आठदहा बदके सपाट्याने गेली. शंकरराव सवयीने ताठ झाला, त्याचा हात आभाळाकडे गेला.

"मान लांब, आंग बारीक, शेपटीला सुई!"

"तलवार बदक," मी म्हणाले.

"कुठलं म्हनायचं? आपलं का जपानचं?"

"सायबेरियातून येतं."

"म्हंजी रशियाचं. मग दोस्ताचं हाय, जाऊ द्या!" त्याने हात खाली घेतला आणि गुऱ्हाळावरची सगळी माणसे हसली. त्या दिवशी आणखी तीन थवे गेले. तिन्ही त्याने आकारावरून बरोबर ओळखले. नावे मी पुरवली. इतका चलाख विद्यार्थी मला कॉलेजात भेटलेला नाही.

तळ्याचे गाव

कराडहून मिरजेपर्यंतच्या आगगाडीविषयी इतकेच सांगते, की ती पोचली. मिरजेपुढे थोड्याच अंतरावर हद्दीचा दगड लागतो आणि आपण मिरज संस्थान सोडून सांगली संस्थानात शिरतो. आत्याने दगड ओलांडताना डोक्यावरचा पदर सारखा केला, जणू काही आम्ही विलायतेत पाऊल टाकत होतो. गावाचे नाव मी मुद्दामच देत नाही. प्रवासवर्णने बंदूकवालेही वाचतात.

विमलचे वडील नेमगोंडा आण्णा हे उंच, शांत, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी बैलगाडी पाठवली होती. गाडीवान तातोबा याला मी वाटेतच विचारले, "तळ्यावर हंस आहेत ना?"

"हाईत की."

"दर वर्षी येतात?"

तातोबाने बैलाच्या शेपटीकडे बराच वेळ पाहिले. "आण्णांस्नी इचारा."

पाणवठ्यावर धुणे धुणाऱ्या बायकांना मी तेच विचारले. त्या एकमेकींकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "आण्णांस्नी इचारा." आण्णांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "आले की." केव्हा आले, कोठून आले, गेल्या वर्षी आले होते का, या सर्व प्रश्नांना त्यांचे उत्तर ते एकच होते.

हंस मात्र खरेच होते. तळ्याच्या पूर्व काठाला लव्हाळ्याजवळ सहा पक्षी राखी ढगासारखे तरंगत होते. सकाळचे ऊन त्यांच्या पाठीमागून येत होते, म्हणून मी वळसा घालून पूर्वेला गेले आणि ऊन माझ्या पाठीशी घेतले. पाय नारिंगी-पिवळे, चोच पिवळी आणि टोकाशी काळी, मान बाजूने पांढरी, डोक्यामागे दोन आडवे काळे पट्टे, वरचा लांब आणि खालचा आखूड. शंकेला जागा नव्हती. मी चित्र काढले. त्यांनी मला इतके जवळ येऊ दिले की चोचीवरचे दाते मोजता आले. इतक्या जवळ येऊ दिले, याचा विचार मी तेव्हाच करायला हवा होता. तळ्यावर शेकाटे, चमच्यासारख्या चोचीचे चमचे, चक्रांग बदके अशा पक्ष्यांची गर्दी होती. त्यांच्या नोंदी मी त्या दिवशी जावेच्या मुलांकडे पाहावे तशा उरकल्या.

घरात मात्र एक पेच होता. जैन घरांत सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. चूल दिवस असतानाच विझते. दिव्यावर झेप घेणारा किडाही मरू नये हा त्यातला भाव. पाणी गाळूनच प्यायचे, आणि गाळलेल्या फडक्यातले जीव पुन्हा विहिरीत सोडायचे. आत्याला स्वतःच्या सोवळ्याचा केवढा अभिमान! विमलच्या आईने, जिनाक्कांनी, पहिल्याच जेवणाला पानावर शाळूची भाकरी, घेवड्याची भाजी आणि लोण्याचा गोळा वाढता वाढता सहज विचारले, "आक्का, तुमी कांदा खाता?"

"चातुर्मासात मुळीच नाही," आत्या ऐटीत म्हणाली.

"आनि बाकीचं आट म्हैनं?"

आत्याने लोण्याकडे लक्ष वळवले. आयुष्यात प्रथमच तिला कोणी सोवळ्यात मागे टाकले होते. तिच्या शेंगदाण्याच्या चटणीत लसूण असतो, हे मी सांगितले नाही.

पेच असा, की बदके आणि हंस चरायला उडतात ते सूर्यास्ताला. माझी नोंद भरभक्कम व्हायची तर हंस तळ्यावरून उठताना, पंखांवर, मला दिसायला हवे होते. आणि नेमके त्या घटकेला मला पाटावर बसवले जाई. पहिल्या दिवशी मी मुकाट जेवले. दुसऱ्या दिवशी जेवण चुकवून काठावर जाऊन बसले.

सूर्य टेकला. चक्रांग बदके शिट्ट्या घालीत उठली. रुंद चोचीचे थापटे उठले, चमचे रांगेने गेले. हंस उठले नाहीत. अंधुक होताच ते पाण्याबाहेर आले आणि एकामागून एक, नदीवरून परतणाऱ्या बायांसारखे, चालत चालत शेजारच्या हरभऱ्यात शिरले. हिमालय ओलांडणारा पक्षी हरभऱ्याला पायी जातो, हे मला विचित्र वाटले.

घरी आले तर जिनाक्का दारातच. "उपास हाय का आज? न्हाई? मग उद्याच्या उजेडापत्तुर हायच!" त्या रात्री मला झोप लागली नाही, त्यात भूक किती आणि संशय किती, याचे पृथक्करण मला करता आले नाही.

सकाळी एक कुत्रे तळ्यात शिरले आणि उत्तर मिळाले. हंस पाण्यावरून धावले, पंख फडफडवले, उठले नाहीत. दुर्बिणीत मला स्पष्ट दिसले, की प्रत्येकाचा उजवा पंख पुरा होता आणि डावा अर्धा. त्याची पिसे एका सरळ रेषेत संपत होती. निसर्गात सरळ रेष नसते. ती कातरीची होती.

दुपारी आण्णा सोप्यावर सुपारी कातरत बसले होते. मी त्यांच्यापुढे चित्र ठेवले.

"आण्णा, या पक्ष्यांचे पंख कापलेले आहेत."

आण्णा सुपारी कातरत राहिले.

"हे कुणी तरी आणून सोडले आहेत. तुम्ही सांगितलं नाहीत, तर मी पुण्याला जाऊन लिहीन की हे हिमालय ओलांडून इथे आले."

"आलेच असतील की," आण्णा म्हणाले. "मूळचे तिकडचेच."

"पण इथपर्यंत?"

आण्णांचा अडकित्ता थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर मला लबाडी दिसली नाही; संकोच दिसला, एखाद्या नव्या नवरीला शोभावा असा. शेवटी ते म्हणाले, "ताई, दिलेलं बोलून दावलं की दान ऱ्हात न्हाई."

मग माझ्या ध्यानात आले. गाव खोटे बोलत नव्हते. आण्णांनी गुप्तदान केले होते, ते साऱ्या गावाला ठाऊक होते, आणि त्यांचे पुण्य आपल्या तोंडून सांडू नये म्हणून सारे गाव मला आण्णांकडे पाठवत होते.

"पण माझं लिहिणं खोटं होईल," मी म्हणाले. "छापील खोटं. आणि त्याच्यावर मला जागा मिळेल."

हे मात्र आण्णांना लागले. आत्या इतका वेळ वाती वळत होती. ती म्हणाली, "अहो, त्यात काय एवढं? तुम्ही बोलू नका. सुमी विचारेल, तुम्ही नुसती मान हलवा."

आण्णांनी या शास्त्रार्थावर विचार केला आणि मान हलवली.

"पक्षी विकत घेतले?" मान होकारार्थी. "गावात?" नकारार्थी. "सांगलीला?" नकारार्थी. "मिरजेला?" होकारार्थी. "बाजारात?"

"आगं माज्या माय, असं इचारत बसलीस तर दिवस मावळंल!" जिनाक्का आतून उसळून बाहेर आल्या. "दान ह्येंनी केलंया, मी न्हाई. मला बोलाया काय झालं?"

आण्णा उठून अंगणात गेले आणि पाठमोरे उभे राहिले. आपल्या दानाची गोष्ट कानांवर पडू नये म्हणून ते बैलाशी मोठ्याने बोलू लागले. जिनाक्कांनी सांगितले, की दिवाळीनंतर आण्णा मिरजेच्या स्टेशनावर गेले होते. तेथे दुसऱ्या गाडीत चढवायची म्हणून एक जाळीची पेटी फलाटावर पडली होती. उत्तरेकडून बेळगावच्या गोऱ्या अंमलदारांच्या मेजवानीसाठी हे पक्षी जिवंत चालले होते. माना जाळीबाहेर काढून ओरडत होते. "ह्येंनी पेटीच उचलून आनली. पेटीवाल्याला काय दिलं ते मला बी ठावं न्हाई. पंख आदीच कापल्यालं. हितं सोडलं, दोन वक्ताला जोंधळं टाकतो, झालं."

"पेटीत किती होते?"

अंगणातला आवाज थांबला. आण्णा पाठमोरेच होते. त्यांनी एक हात मागे करून पाच बोटे दाखवली, मग एक.

मी वही उघडली आणि पट्टकादंबाच्या नोंदीवर आडवी रेघ मारली. रागवायला कोणी सापडेना. दुसऱ्या उमेदवाराचा पेंढा भरलेला एखादा पक्षी त्या क्षणी प्राध्यापकांच्या टेबलावर पोचत असेल, असे मला वाटले. आत्या म्हणाली, "चित्र तरी छान आलंय हो." मी दिवस असताना जेवले.

निघण्याची सकाळ

परतीची गाडी दुपारची होती. तळ्यावर जायचे काही शास्त्रीय कारण उरले नव्हते; जिनाक्का जोंधळे टाकायला निघाल्या, म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. आण्णाही आले. पाण्यावर धुके होते. धुणे घेऊन आलेल्या त्याच बायका पाणवठ्यावर होत्या. जिनाक्कांनी "या, या, या" अशी साद घातली आणि सहाही हंस डुलत डुलत काठावर आले. मी त्यांच्या चोचींच्या दात्यांची राहिलेली तपासणी करू लागले, कारण हातात काम असले की मला बरे वाटते.

एकाएकी सहाही माना ताठ झाल्या. जोंधळे टाकून ते पक्षी आभाळाकडे ओरडू लागले, खोल, नाकातून निघाल्यासारखे, एकाने संपवावे आणि दुसऱ्याने उचलावे असे. इतक्या दिवसांत मी त्यांचा हा आवाज ऐकला नव्हता. ते थांबले, तेव्हा वरून उत्तर आले.

मी दुर्बीण वर केली. धुक्याखेरीज काही दिसेना. आवाज उत्तरेकडून जवळ आला, आमच्या डोक्यावरून गेला, वळला. मग धुके फाटले आणि तो आला: पंख दोन्ही बाजूंना सारखे, टोकांची काळी पिसे बोटांसारखी पसरलेली, पाय पुढे. त्याने तळ्यावर एक फेरा घेतला, अंग डावीकडे टाकले, उजवीकडे टाकले, आणि पाण्यावर लांब चर ओढीत तो तळ्याच्या मध्यभागी बसला. डोके वळवले. दोन काळे पट्टे.

मी काठावरचे पक्षी मोजले. सहा. पुन्हा मोजले. सहा.

"आवं ताई!" शांत, हळू बोलणारे आण्णा, आयुष्यात कधी दिलेले बोलून न दाखवलेले आण्णा, पाणवठ्यावरच्या सगळ्या बायकांदेखत दोन्ही हात वर करून ओरडले, "ह्यो माजा न्हवं! माजं सा हितं हाईत! ह्यो माजा न्हवं!"

बायका तोंडावर पदर घेऊन हसू लागल्या. जिनाक्का म्हणाल्या, "आवं, ग्येलं की तुमचं दान!"

आण्णांनी मध्यभागी बसलेल्या पक्ष्याकडे पाहिले आणि ते म्हणाले, "जाऊ दे ग्येलं तर. ताईचं लिवनं खरं झालं न्हवं?"

तो पक्षी जोंधळ्यांकडे फिरकला नाही. पाऊण तास मी त्याच्यावरून दुर्बीण हलवली नाही. नंतर तो आपण होऊन उठला, वाऱ्याला तोंड करून दोन्ही पुऱ्या पंखांनी चढत गेला आणि नदीच्या रोखाने दिसेनासा झाला. त्याच्या पंखांचे एकेक पीस मी दोनदा तपासले होते, साक्षीदार उभे होते, आणि आण्णांनी दिलेल्या साक्षीत कोणत्याही प्राध्यापकाला बोट घालायला फट नव्हती. मी वहीचे नवे पान काढले, ओल्या गुडघ्यावर ठेवले आणि लिहिले: पट्टकादंब, स्वतःच्या पंखांनी उतरलेला व उडालेला, संख्या १.